चमचाभर पाण्याची भानगड : हिवाळ्याआधी आरव्हीतलं पाणी कसं काढायचं

आम्ही आरव्ही घेतली ती ऑगस्टमध्ये. जुनीच, गाडीमागे ओढून न्यायची. आत ओटा, बेसिन, शॉवर, संडास, म्हणजे चाकांवरची वन आर के. इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात ऑक्टोबरमध्ये रात्री पारा शून्याखाली जायला लागला, तसं मी पाण्याच्या टाकीचं बूच काढलं, सगळे नळ उघडे टाकले, थेंब टपकायचे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं, की गाडी हिवाळ्यापुरती आवरून ठेवली. आई म्हणाली, "नळ नीट बंद केलेस ना? मग झालं तर."

मलाही वाटलं, झालं.

एप्रिलमध्ये टाकी भरली आणि पंपाचं बटण दाबलं. पंप गुरगुरायला लागला तो थांबेचना. हा पंप नळ बंद असले की दाब भरून आपला आपण गप्प होतो. तो चालूच राहिला याचा अर्थ पाणी कुठेतरी चाललंय. गाडीला बाहेरून फेरी मारली तर मागच्या बाजूला, चिखलाचे पाय धुवायला जो छोटा शॉवर एका झाकणाआड बसवलेला असतो, तिथून धार लागली होती. आतल्या प्लास्टिकच्या व्हॉल्व्हला केसाएवढी चीर.

गंमत पुढेच आहे. टाकीचं बूच अगदी तळाला नसतं, त्यामुळे माझ्या 'रिकाम्या' टाकीत बादलीभर पाणी राहिलं होतं. ते अख्खा हिवाळा गोठून दगड झालं आणि वसंतात मुकाट्याने वितळलं. टाकीला ओरखडासुद्धा नाही. आणि त्या शॉवरच्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेलं पाणी फार तर चमचाभर असेल, त्याने तो फोडला.

हे कोडं सुटलं, की हिवाळ्याची सगळी तयारी आपोआप समजते. नाहीतर ती नुसती पाठ करायची यादी होऊन बसते आणि यादीतलं एखादं काम दरवर्षी विसरतंच.

आपल्याकडे पाण्याच्या या स्वभावाशी गाठ पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दवाचे हिमकण झाले, तरी दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्यामुळे गोठलेलं पाणी म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर फ्रीजमधला बर्फाचा ट्रे. तो ट्रे पुन्हा एकदा नीट बघा. काठोकाठ भरला असेल, तर बर्फाला मधोमध टेंगूळ आलेलं असतं. पाणी गार होताना इतर पदार्थांसारखं आक्रसतं खरं, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली ते उलट पसरायला लागतं आणि ० अंशाला बर्फ होताना एकदम साधारण ९ टक्के जास्त जागा मागतं. लिटरभर पाण्याचा जवळपास १,०९० मिलिलिटर बर्फ होतो.

टाकीत पाण्याच्या वर मोकळी हवा असते. बर्फ वर सरकतो, टेंगूळ येतं, विषय संपला. बंद पाइपमध्ये मात्र सरकायला जागा नसते. आधी कुठेतरी मधेच बर्फाचं बूच तयार होतं आणि ते लांबत जातं. त्या बुचाच्या आणि बंद नळाच्या मधे जे पाणी अजून पातळ आहे, ते कोंडीत सापडतं. पाणी दाबून लहान होत नाही, मग दाब चढत जातो आणि त्या टप्प्यातला सर्वांत नाजूक भाग फुटतो. म्हणून पुष्कळदा पाइप बर्फ झालेल्या जागी फुटतच नाही, हातभर लांब फुटतो. आरव्हीतले पाइप बहुतेक पेक्स जातीच्या लवचीक प्लास्टिकचे असतात, ते थोडं ताणून घेतात. मरतात ते बिचारे एल्बो, नळाच्या आतली फिरकी, संडासाचा व्हॉल्व्ह, पंपाचं डोकं आणि फिल्टरची वाटी. सगळ्या कडक प्लास्टिकच्या छोट्या वस्तू, आणि सगळ्या भिंतीमागे किंवा कपाटाखाली, जिथे हात पोचता पोचत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात थंडीची लाट आली, तेव्हा घरोघरचे पाइप फुटले ते याच कारणाने. त्यापेक्षा कितीतरी कडक थंडी मिनेसोटात दर जानेवारीत असते आणि घरं शाबूत राहतात, कारण इथले पाइप थंडी गृहीत धरूनच बसवलेले असतात. आरव्ही मात्र मिनेसोटातली असली तरी तिची भिंत असते दोन-तीन इंचांची आणि तिच्या पोटाखालून वारा वाहतो. आत हीटर चालू आहे तोवर ठीक. गाडी पाच महिने अंगणात उभी राहणार असेल, तर पाण्याला आत राहायला जागाच ठेवायची नाही, आणि जिथून ते निघणारच नाही तिथे त्याला गोठू द्यायचं नाही. पहिल्या कामाला हवा लागते, दुसऱ्याला गुलाबी पाणी.

आता पाणी लपतं कुठे ते बघू. ताज्या पाण्याची टाकी, मधल्या आकाराच्या गाडीत साधारण दीडशे लिटरची. तिथून पाणी जाळीच्या छोट्या वाटीतून १२ व्होल्टच्या पंपात येतं. पंपानंतर दोन फाटे फुटतात. एक सरळ गार नळांकडे, दुसरा गीझरमध्ये आणि तिथून गरम नळांकडे. कॅम्पग्राउंडच्या नळाला होज लावायचं असेल तर गाडीच्या अंगावर वेगळं तोंड असतं, ते पंपाला वळसा घालून थेट लाइनला मिळतं. वापरलेलं पाणी खाली दोन टाक्यांत जातं. बेसिन-शॉवरचं करड्या टाकीत, संडासाचं काळ्या टाकीत. ही झाली मुख्य वस्ती. बाहेरचा शॉवर, पाण्याचा फिल्टर, कुणाकडे बर्फ करणारा फ्रीज, कुणाकडे कपडे धुण्याचं मशीन, काळी टाकी आतून धुवायची वेगळी नळी, या झाल्या आडवळणाच्या गल्ल्या. चोर सापडतो तो गल्लीतच.

सुरुवात खालच्या दोन टाक्यांपासून. त्या कॅम्पग्राउंडच्या डंप स्टेशनवर रिकाम्या करून, धुऊनच गाडी घरी आणायची. अंगणात उभी केल्यावर आठवण झाली तर पुढचं वर्णन मी करत नाही.

मग ताज्या पाण्याची टाकी मोकळी करायची. पाइपांच्या सर्वांत खालच्या जागी दोन छोटी बुचं असतात, एक गार लाइनचं, एक गरम लाइनचं, बहुतेक गाडीच्या पोटाखाली. ती काढायची आणि वरचे सगळे नळ उघडायचे. नळ उघडले नाहीत तर पाणी खाली येत नाही. स्ट्रॉच्या वरच्या तोंडावर बोट ठेवलं की रस आतच लटकतो, तसं होतं. पहिल्या वर्षी मी यातलं टाकी आणि नळांपुरतंच केलं होतं आणि तिथेच थांबले होते.

गीझरवर थोडं रेंगाळू या, कारण सगळ्या कामात अंगाला इजा होण्याची शक्यता इथेच आहे. आरव्हीचा गीझर बहुतेक ६ गॅलनचा, म्हणजे २३ लिटरच्या आसपास. आधी गॅस बंद, विजेचं बटण बंद, पाण्याचा पंप बंद. मग थांबायचं. निदान काही तास, शक्यतो रात्रभर. पाणी गार झालं की वरच्या दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची चाप उचलायची, फुस्स करून दाब जाऊ द्यायचा आणि त्यानंतरच खालच्या बुचाला पाना लावायचा. या क्रमाने केलं नाही तर बूच सुटताक्षणी कढत पाण्याची पिचकारी थेट तोंडावर येते. बुचासमोर उकिडवं बसायचं नाही, बाजूला बसायचं.

स्टीलच्या टाकीच्या गीझरमध्ये या बुचालाच एक लांब दांडा जोडलेला निघतो, बहुतेक मॅग्नेशियमचा. नवीन असतो तेव्हा बोटाएवढा जाड आणि गुळगुळीत. मी काढला तेव्हा त्याच्याजागी दाणे खाऊन टाकलेल्या कणसासारखं काहीतरी खडबडीत बाहेर आलं, एका टोकाला तर आतली तार दिसत होती. मला वाटलं, गीझर गेला. तो गेला नव्हता, दांडा त्याचं काम करत होता. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी गंजतं, म्हणून पाण्याचा सगळा राग तो स्वतःवर घेतो आणि टाकी वाचते. पाऊण भाग खाल्ला गेला असेल तर नवा टाकायचा. ॲल्युमिनियमच्या टाकीला हा दांडा नसतो, साधं प्लास्टिकचं बूच असतं. त्यात 'जास्त चांगला' म्हणून दांडा बसवायचा नाही. बुचाखालून क्षारांचे पांढरे खडे निघतील, ते होजने धुऊन टाकायचे. तळाला पेलाभर-तांब्याभर पाणी राहिलं तरी चालतं. त्याच्या डोक्यावर मोकळी जागा आहे, ते टेंगूळ काढून गप्प बसेल.

आता हवा. होजच्या तोंडाला बसणारा एक छोटा जोड मिळतो, तो लावून कॉम्प्रेसरने लाइनीत हवा सोडायची. दाब ३० ते ४० पीएसआय, म्हणजे मोटारीच्या चाकात असतो तेवढा. कॉम्प्रेसर शंभरच्या वर सहज जातो, म्हणून आधी त्याचा रेग्युलेटर खाली आणायचा. हवा सोडण्याआधी एक तरी नळ उघडा हवा, नाहीतर बर्फाने जे केलं नसतं ते आपणच करून ठेवू. मग एकेक नळ पाळीपाळीने उघडायचा. आधी पाणी, मग थुंकल्यासारखी फट-फट, मग नुसता वारा. नुसता वारा आला की तो बंद करून पुढचा.

हवेने काम भागतं का, यावर आरव्हीवाल्यांत दोन पंथ आहेत. कोरड्या पंथाचं म्हणणं, की वारा आला म्हणजे पाणी गेलं. पण बागेतलं होज फुंकून बघा. वारा आरपार येतो आणि तरी होज उचललं की वाटीभर पाणी ओघळतं. पाइप जिथे झोळीसारखा खाली लोंबतो तिथे हवा पाण्यावरून निघून जाते, पाणी तिथेच. क्वचित एखादी रात्र शून्याखाली जाते अशा प्रदेशात मी हवेवर भागवीन. उणे २५ ला नाही. इथे हवा आणि गुलाबी पाणी, दोन्ही.

गुलाबी पाणी म्हणजे आरव्हीसाठीचं अँटिफ्रीझ. गॅलनच्या, म्हणजे पावणेचार लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. आमच्यासारख्या गाडीला दोन-तीन कॅन पुरतात. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. ते काय करतं हे उन्हाळ्यात पॉट फिरवून आइस्क्रीम केलेल्या कुणालाही अर्धं माहीत आहे. बर्फात खडेमीठ टाकलं की तो शून्याखाली जाऊनही पाणी होत राहतो. पाण्याचे रेणू ठरावीक नक्षीत रांगेने बसले की बर्फ होतो. मधे मीठ, साखर, ग्लायकॉल असलं कुणी घुसलं की रांग लागत नाही. लाइनीत मीठ घालता येत नाही, धातू खाल्ला जाईल. ग्लायकॉल ते न करता रांग मोडतं.

कॅनवर 'उणे ५०' असा आकडा असतो, तो फॅरनहाइटमधला. सेल्सिअसमध्ये तो जवळपास उणे ४६ होतो. पण हे द्रव उणे ४६ पर्यंत पातळ राहतं असा त्याचा अर्थ नाही. साधारण उणे १०-१२ लाच त्यात बर्फाचे कण दिसायला लागतात आणि ते गोळेवाल्याच्या चुऱ्यासारखं होतं. मी दुसऱ्या वर्षी बाहेर ठेवलेला अर्धा कॅन असा झालेला पाहिला आणि धसकाच घेतला. पण चुरा सरकतो, दबतो, वाट काढतो. भिंतीला रेटा देत नाही. आकडा पाइप न फुटण्याचा आहे, न गोठण्याचा नव्हे. आणि तो खरा आहे फक्त शुद्ध मालासाठी. लाइनीत उरलेलं पाणी त्यात मिसळलं की ते पातळ होतं आणि आकडा वर सरकतो. म्हणून आधी हवा मारायची, म्हणून त्यात पाणी घालून पुरवठ्याला आणायचं नाही, आणि म्हणूनच ते ताज्या पाण्याच्या टाकीत ओतायचं नाही, कारण तिथे ती माझी बादली तळाला बसलेली असते.

रंगाकडे नीट लक्ष द्या. मोटारीच्या इंजिनात पडतं ते कूलंट, बऱ्याचदा हिरवं, हे साधारणपणे एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विष आहे. चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं सांडलेलं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. पिण्याच्या पाण्याच्या लाइनीत ते कधीच, कितीही स्वस्त असलं तरी, घालायचं नाही. नावांतला फरक एका शब्दाचा असला तरी ग्लायकॉल या घराण्यात सगळे सारखे नाहीत. त्याच घराण्यातलं डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरीन १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलं गेलं आणि १४ जण दगावले. लेंटिन आयोग बसला तो त्यासाठी. प्रॉपिलीन ग्लायकॉल याउलट खाद्यपदार्थांत आणि औषधांतही वापरतात. काही स्वस्त गुलाबी कॅन अल्कोहोलचेही असतात. ते पेट घेऊ शकतात आणि रबरी वॉशर सुकवतात. दोन डॉलर जास्त गेले तरी लेबल वाचून ग्लायकॉलचाच घ्यावा.

भरण्याआधी खालची बुचं परत लावायची, फिल्टरची कांडी काढून टाकायची आणि गीझरचा बायपास फिरवायचा. बायपास म्हणजे गीझरच्या मागचे एक, दोन किंवा तीन कॉक. ते फिरवले की पाणी गीझरला वगळून गार लाइनीतून थेट गरम लाइनीत जातं. हे विसरलात तर पहिले सहा गॅलन गुलाबी पाणी गीझर गिळतो आणि आपण नळाशी ताटकळत बसतो.

पंपाच्या तोंडाशी एक छोटी नळी असते, नसली तर बसवून घेता येते. ती कॅनमध्ये बुडवायची, कॉक कॅनकडे वळवायचा आणि पंप चालू करायचा. पंपाचा आवाज आधी पोकळ येतो, मग गुलाबी पाणी चढलं की एकदम भारी होतो. पंपाला सर्वांत जवळचा गार नळ आधी उघडायचा. पहिल्यांदा हवा, मग फिक्कट, कपडे विसळल्यासारखं पाणी. तिथे फसायचं नाही. कॅनमध्ये जो रंग आहे, तोच रंग नळातून आला पाहिजे. मग त्याच नळाची गरम बाजू. मग पुढचा नळ. शॉवर. संडासाचं फ्लश, पायाने दाबून धरायचं, गुलाबी येईपर्यंत. बाहेरचा शॉवर, त्याची दोन्ही चक्रं, आणि हातातली नळी खाली सोडून तिच्यातूनही. इथे मी आता दोनदा थांबते.

होजचं बाहेरचं तोंड हमखास राहतं. त्यात पाणी उलटं येऊ नये म्हणून एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, त्याच्या मागे पाणी दडून बसतं. पंप बंद करायचा, एक नळ उघडून दाब उतरवायचा, तोंडावरची जाळी काढायची आणि मधला छोटा खिळा पेचकसाने हलकेच दाबायचा. गुलाबी थेंब आले की झालं. काळी टाकी धुण्याची नळी स्वतंत्र असते, पंपाशी तिचा संबंध नाही. तिच्यात हवाच मारायची. मशीन, बर्फाचा फ्रीज असेल तर त्याचं पुस्तक काढा, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

बेसिन आणि शॉवरच्या खाली पाइपला जे वळण असतं, आपले प्लंबर ज्याला ट्रॅप म्हणतात, ते मुद्दाम पाणी धरून ठेवण्यासाठीच केलेलं आहे, म्हणजे टाकीचा वास वर येत नाही. तिथून पाणी काढणं चुकीचंच. प्रत्येक ट्रॅपमध्ये एक-दोन कप गुलाबी पाणी ओतायचं, की आधीचं ढकललं जातं आणि ट्रॅप भरलेला राहतो. संडासाच्या भांड्यातही थोडं ठेवायचं, तळाचं रबर सुकत नाही. हा सगळा प्रकार दुसऱ्यांदा केला की दोन तासांत होतो. पहिल्यांदा माझा अख्खा शनिवार गेला आणि शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून तीनदा डोकावून पाहिलं.

वसंतात हे सगळं उलटं. टाकी भरायची, प्रत्येक नळ पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचा, मग लाइन निर्जंतुक करायची. १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच, म्हणजे आमच्या दीडशे लिटरच्या टाकीला जेमतेम दीडशे-पावणेदोनशे मिलिलिटर. आधी बादलीत पातळ करून मग टाकीत. प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी खेळवायचं, रात्रभर राहू द्यायचं, सकाळी सगळं काढून पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवायचं. पहिला चहा करण्याआधी एक घोट नुसतं पाणी पिऊन बघा. गोडसर लागलं तर अजून एक टाकी वाहू द्या.

आणि बायपास परत फिरवायचा. गीझरमध्ये पाणी भरून, गरम नळातून सलग धार आल्यावरच विजेचं बटण. कोरड्या गीझरमध्ये वीज सोडली तर आतलं कॉइल बघता बघता जळतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये बूच काढलं की मी त्या बटणावर चिकटपट्टी लावते आणि तिच्यावर मार्करने लिहिते, 'रिकामा आहे, आधी पाणी भर'. मराठीतच. परवा शेजारच्या आजोबांनी ते पाहिलं आणि विचारलं, हा मंत्र आहे का. मी हो म्हणून टाकलं. आता त्यांना त्यांच्या गाडीसाठीही एक पट्टी लिहून हवी आहे.